पहिला हात कुणाचा

मी एक जुनी रिक्षा आहे. माझी समोरची काच तेवढी नवी आहे. मित्रांनो, मला पाहणारा आधी काचेकडेच पाहतो, कारण बाकीचं अंग पोचे पडलेलं आणि काच मात्र लख्ख. लोकांना वाटतं, मालकाने हौसेने बसवली असेल. तसं नाही. जुनी काच एका दुपारी दगडाने फुटली. तो दगड माझ्यासाठी नव्हता. तो एका माणसासाठी होता, आणि त्या माणसाने कुणाचंही काही बिघडवलेलं नव्हतं.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी जळगावला आले. माझे पहिले मालक मेहरूणला राहत. तिथल्या तलावावर हवा खायला येणारी माणसं, भिजलेल्या चप्पला, शेंगदाण्याची टरफलं, लेकरांची रडारड, हे माझं बालपण. मालकांचे गुडघे थकले तेव्हा त्यांनी मला प्रेमराजच्या हाती दिलं. त्याने माझ्या हँडलला हात लावून तो कपाळाला लावला. मी मनात म्हटलं, माणूस चांगला दिसतो. आजही माझं मत तेच आहे. म्हणूनच ही गोष्ट सांगणं मला जड जातं.

प्रेमराज मूळचा चाळीसगावचा. वडील लवकर गेले आणि तो काकांच्या घरी वाढला. त्या घरात त्याला उपाशी कुणी ठेवलं नाही, पण ताट वाढताना “आधी घरच्या पोरांना” असं रोज कुणीतरी म्हणायचं. काकांचा मुलगा कुणाला चिडवत असला की प्रेमराजही चिडवायचा. काकांचा मुलगा कुणाला मारत असला की प्रेमराज त्याचं दप्तर धरून उभा राहायचा. “नही धरं तर संध्याकायले माझ्याशी कोणी बोले नही,” असं त्याने एकदा मेघाला सांगितलं होतं. मेघा म्हणजे त्याची बायको. ती तेव्हा मागच्या सीटवर बसली होती आणि हसली होती. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

मेघा सावळपिंप्रीची. चाळीसगावहून धुळ्याला जाताना फाटा लागतो, तिथून आत वळलं की कापसाच्या शेतांमध्ये हे गाव आहे. तिचे आईवडील थकलेले होते, म्हणून लग्नानंतर प्रेमराजच तिच्या माहेरी राहायला आला. घरजावई झाला. मित्रांनो, हा शब्द ऐकायला साधा आहे, पण तो रोज ऐकावा लागला की अंगात मुरतो. पारावर प्रेमराज काही बोलायला लागला की कुणीतरी म्हणायचं, “तू बस ना, तू ते पाव्हना शे.” नळाच्या रांगेत भांडण झालं तर, “तू कोन रे बाहेरना?” गावात त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. तो मेघाचा नवरा होता.

त्यावर त्याने एक उपाय काढला. तो कुणालाच नाही म्हणेना. कुणाची म्हातारी दवाखान्यात न्यायची, चला. कुणाचं गाठोडं फाट्यावर टाकायचं, द्या. हसत हसत सगळं करायचा आणि घरी परतताना माझं इंजिन बंद करून दोन्ही हात हँडलवर ठेवून नुसता बसायचा. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू नसायचं. जणू दिवसभर कुणीतरी त्याची परीक्षा घेतली आहे आणि निकाल अजून लागलेला नाही.

लेकरांना मात्र तो मनापासून आवडायचा. गावातली पोरं मी शहराच्या शाळेत नेत असे. मेघा गावाची लेक, म्हणजे सगळ्या पोरांची आत्या. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे फुवा म्हणतात. “फुवा, हॉर्न वाजवा!” “फुवा, मयुरीनी माझा डबा खाल्ला!” गावात त्याची स्वतःची अशी एवढी एकच हाक होती, आणि ती लेकरांनी दिलेली होती. त्या वर्षांमध्ये मी फार सुखी होते. माझ्या सीटवर पेन्सिलीने नावं कोरलेली होती आणि प्रेमराजने ती कधी पुसली नाहीत.

मग ती बातमी आली.

ती कुठून आली, कुणालाच सांगता येत नव्हतं. मी फक्त मागच्या सीटवरचे मोबाइल ऐकत होते. एक रडणारा आवाज सगळ्यांच्या मोबाइलमध्ये होता: लेकरं पळवणारी टोळी आली आहे, साधूच्या, भिकाऱ्याच्या, मजुराच्या वेशात फिरते आहे, हा निरोप सगळ्यांना पाठवा. सोबत एक व्हिडिओ होता. त्यातली झाडं आमच्या खान्देशातली नव्हती, माणसांची बोलीही आमची नव्हती. पण घाबरलेला माणूस झाडं पाहत नाही.

गाव हळूहळू बदलायला लागलं. आया शाळेच्या आधीच रस्त्यावर येऊन उभ्या राहायच्या. पोरांना माझ्यात बसवताना त्यांच्या दंडावर बोटांचे वळ उठायचे, इतकं घट्ट धरायच्या. चादरी विकणारा एकजण दरवर्षी यायचा, त्याला वेशीवरूनच हाकलून दिलं. एका दुपारी एक छोटी मुलगी दिसेनाशी झाली आणि अख्खा गाव रडत, ओरडत शेताशेतांतून धावला. ती वेचलेल्या कापसाच्या ढिगाआड झोपली होती. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण मित्रांनो, ती हरवली ही बातमी सगळ्यांच्या मोबाइलवर गेली होती. ती सापडली ही बातमी कुणीच कुणाला पाठवली नाही.

मेघाचा धाकटा भाऊ भूषण या सगळ्यात पुढे होता. वाईट मुलगा नव्हता तो. पोलीस भरतीसाठी वर्षानुवर्षं पहाटे धावायचा. प्रत्येक वेळी थोडक्यात राहायचा. बरोबरीचे मित्र नोकरीला लागले, हा पारावर बसून राहिला. घरातही त्याचं बोलणं कुणी कान देऊन ऐकत नसे. टोळीची बातमी आली आणि त्याने पोरं गोळा करून पहारा सुरू केला. हातात काठी आली. आया त्याला म्हणायला लागल्या, “भूषणभाऊ, तू शे म्हनीसन झोप लागस.” भूषणची मान ताठ झाली. टोळी आलीच नसती तर त्याची मान पुन्हा खाली गेली असती. हे त्याच्या लक्षात आलं होतं की नाही, मला माहीत नाही. मला मात्र त्याची काठी पाहून भीती वाटायची. रोज घेऊन फिरलेली काठी एक दिवस काम मागतेच.

तो दिवस शनिवार होता. सकाळची शाळा सुटली होती, लेकरं घरोघर पोचली होती, आणि आम्ही फाट्यावर गिऱ्हाईकाची वाट पाहत होतो. एसटीतून एक म्हातारा उतरला. पायात झिजलेल्या चपला, डोक्याला रुमाल, काखेत कापडी पिशवी. त्याचं नाव पुना. साक्रीच्या पलीकडून, डोंगराकडून आला होता. ऊन लागून घेरी आल्यासारखं झालं होतं त्याला. प्रेमराजने त्याला हाताला धरून माझ्यात बसवलं आणि आपली पाण्याची बाटली दिली.

“कोठे जावानं शे, बाबा?”

“मनी पोर आणि जवाई कापूस येचाले येयेल शेतस अठे,” पुना म्हणाला. “कोना वावरमा शेतस ते माले माहीत नही. मनी नात शे. तिले चालता येत नव्हतं तवय दखेल, आते पळस म्हने.” आणि तो एकटाच हसला. पिशवीत हात घालून त्याने काहीतरी चाचपून पाहिलं. “तिले फ्रॉक लयेल शे.”

प्रेमराजही हसला. “चला, चौकमा इचारू. सापडी जाई.”

सावळपिंप्रीच्या चौकात दलिचंद शेठचं किराणा दुकान आहे. राजस्थानातून आलेलं हे घर पिढ्यान् पिढ्या गावात आहे. दुकानात दलिचंद आणि त्याची म्हातारी आई धनकुंवर बसतात. धनकुंवरबाईंना गाव अक्का म्हणतं. मी दुकानासमोर थांबले. प्रेमराज सुपारी घ्यायला उतरला. पुना उतरून उभा राहिला. शेजारी काही मुली खेळत होत्या. त्याने पिशवीतून गोडीशेवेचा पुडा काढला, एका मुलीच्या हातावर थोडी शेव ठेवली आणि विचारलं, “बेटा, कापूस येचनारास्ना पोरं कोठे ऱ्हातस?”

समोरच्या ओट्यावरून एक बाई किंचाळली.

त्यानंतर जे झालं ते इतकं पटकन झालं की मला आजही ते तुकड्यातुकड्यांत आठवतं. दारं उघडली. माणसं धावली. भूषण काठी घेऊन आला. “कोन गावना? आधार कार्ड दखाड!” पुना पिशवीत चाचपत राहिला, पण कार्ड हाताला लागेना. कुणीतरी पिशवी हिसकावून उलटी केली. कार्ड कुठेतरी धुळीत पडलं असेल, ते कुणी पाहिलंच नाही. सगळ्यांनी पाहिला तो लाल फ्रॉक.

“हाऊ कोनी पोरना कपडा शे?” भूषण ओरडला.

आजोबाने नातीसाठी आणलेला फ्रॉक, मित्रांनो. पण त्या क्षणी गावाला तो पळवलेल्या एखाद्या पोरीच्या अंगावरून उतरवलेला दिसला. डोळ्यांत भीती भरली की तिच्यातून जे दिसेल ते सगळं तिच्याच रंगाचं होतं.

पुनाने भिरभिर पाहिलं. त्याला ओळखीचा एकच चेहरा दिसला. त्याने दुकानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या प्रेमराजकडे बोट दाखवलं. “या भाऊले इचारा! यानीच माले आनं. याले बठ्ठं माहीत शे.”

सगळी गर्दी वळली. इतकी वर्षं त्या माणसांनी प्रेमराजकडे एकदाही असं पाहिलं नव्हतं.

“दाजी,” भूषण म्हणाला, “तुम्ही आनं याले?”

प्रेमराजला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. “म्हातारा नातीला भेटायला आला आहे.” ते वाक्य थोड्या वेळापूर्वी माझ्याच सीटवर बोललं गेलं होतं. प्रेमराजने तोंड उघडलं. मी त्याचे ओठ हललेले पाहिले. आणि गर्दीच्या मागून कुणीतरी ओरडलं:

“घरजवाईच टोळीमा शे! बाहेरनाच तो!”

प्रेमराजचं तोंड मिटलं. तो पायरीवरून उतरला, पुनासमोर गेला आणि त्याने त्याच्या कानाखाली मारली. जोरात. मग मागे वळून गर्दीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. काकांच्या घरी दप्तर धरून उभ्या राहिलेल्या पोराची ती नजर असणार. “बघा, मी तुमच्यातलाच आहे,” असं ती म्हणत होती.

पहिला हात त्याचा. त्यानंतर किती हात पडले ते मी सांगणार नाही. लेकरांना सांगण्यासारखं ते नाही. एवढंच सांगते की ज्यांनी हात उचलला त्यांतले बरेचजण घरी मुंगी मारतानाही कचरणारे होते. पुना सरपटत माझ्यात शिरला, तेव्हा मी मनातल्या मनात माझी तिन्ही चाकं घट्ट रोवली. त्यांनी त्याला ओढून बाहेर काढलं. एक दगड माझ्या काचेवर बसला आणि ती खळ्ळकन् फुटली. प्रेमराज बाजूला भिंतीला टेकून उभा होता. आता त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्याला हवं होतं तेच झालं होतं, तरी तो तिथून हलला नाही.

दलिचंद शेठने दुकानाचं शटर खाली ओढलं. मी त्याला दोष देत नाही. आतून तो पोलिसांना फोन लावत होता, हे मला नंतर कळलं. पण ते शटर तितक्याच आवाजात पुन्हा वर गेलं, आणि धनकुंवर अक्का बाहेर आल्या. वाकलेली, हाडकुळी बाई. डोक्यावरचा पदर सावरत त्या सरळ गर्दीत शिरल्या, खाली बसल्या आणि पुनाचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं.

“याले मारनं व्हई ते पहिले माले मारा,” त्या म्हणाल्या.

काठ्या थांबल्या नाहीत, पण रेंगाळल्या. मग अक्कांनी मान वर केली आणि एकेकाचं नाव घ्यायला सुरुवात केली. “सुकदेव, तू शे का रे हाऊ? दगड तुना हातमा शे? भूषण, तुनी माय माहेरले जाये तवय तू मना ओट्यावर झोपे. इकडे दख, माले दख.” ज्याचं नाव निघे तो दचकून हातातला दगड पाहायचा, जणू दुसऱ्याच कुणीतरी तो तिथे ठेवला आहे. गर्दीला नाव नसतं, मित्रांनो. तोवर तिथे कुणी सुकदेव नव्हता, कुणी भूषण नव्हता. अक्कांनी हाका मारल्या आणि ती माणसं एकेक करून परत आली. आली, आणि रक्त पाहून मागे सरकली.

“प्रेमराज,” अक्का म्हणाल्या, “रिक्षा काढ.”

गावात पहिल्यांदा कुणा मोठ्या माणसाने त्याला नावाने हाक मारली होती.

धुळ्याच्या सरकारी दवाखान्यापर्यंत मी कशी धावले ते माझं मलाच ठाऊक नाही. समोर काच नव्हती. वारा आणि धूळ प्रेमराजच्या डोळ्यांत जात होती आणि तो डोळे पुसत नव्हता. मागे अक्का पुनाला धरून बसल्या होत्या. मी दर खड्ड्यात घाबरत होते, की आता मागचा श्वास थांबेल.

श्वास थांबला नाही. पुना वाचला. पण त्याचा डावा कान कायमचा गेला आणि एक पाय वाकडा जुळला. त्याची नात शेजारच्याच शिवारात होती. ती दवाखान्यात आली, तेव्हा आजोबाचा सुजलेला चेहरा पाहून आईच्या मागे लपली.

पोलिसांनी प्रेमराजला, भूषणला आणि आणखी काहीजणांना धरलं. मलाही जप्त केलं. ठाण्याच्या आवारात एका कडुलिंबाखाली मला उभं करून ठेवलं. चाकांतली हवा गेली. फुटक्या काचेतून पाऊस आत आला. हुडाखाली गांधीलमाश्यांनी पोळं केलं, आणि लेकरांनी सीटवर कोरलेल्या नावांवर बुरशी चढली. उभं राहण्याचं मला दुःख नव्हतं. आत कोठडीत प्रेमराज आहे आणि तो काय बोलतो आहे, हे ऐकू येत नव्हतं, त्याने जीव खालीवर व्हायचा.

एकदाच ऐकू आलं. फौजदार मॅडम, दिपमाला त्यांचं नाव, पंचनाम्यासाठी त्याला माझ्यापाशी घेऊन आल्या. काम झाल्यावर त्यांनी साधेपणाने विचारलं, “तो म्हातारा निर्दोष आहे हे तुम्हाला माहीत होतं ना?”

“हो.”

“मग?”

प्रेमराजने माझ्या हँडलवर हात ठेवला. “मॅडम, मी मारलं नसतं तर त्यांनी मला मारलं असतं.”

“शक्य आहे,” मॅडम म्हणाल्या. “पण नंतर तुम्ही भिंतीला टेकून उभे होतात. तेव्हा तुम्हाला कोण मारत होतं?”

त्या दिवसापासून हा प्रश्न त्याच्या मानगुटीवर बसला, असं मेघा पुढे सांगायची.

मेघाने हार मानली नाही. कोर्टात अर्ज करून, हमी लिहून देऊन तिने मला सोडवलं. नवी काच बसवली. लायसन काढलं आणि घाबरत घाबरत मला चालवायला शिकली. सुरुवातीला ती क्लच असा सोडायची की मी बकरीसारखी उडी मारायचे. शाळेची पोरं कुणी आमच्याबरोबर पाठवत नव्हतं. आम्ही भाजीची पोती वाहिली, पाहुणे वाहिले. पुढे प्रेमराजला आणि भूषणला जामीन मिळाला. प्रेमराज घरी आला, पण माझ्या चालकाच्या जागेवर बसला नाही.

खटला उभा राहण्याआधी देवळात बैठक झाली. गावाने ठरवलं: गर्दी होती, धूळ होती, कुणी मारलं ते कुणी पाहिलं नाही. सगळ्यांनी एकच बोलायचं. वकिलाने प्रेमराजला समजावलं, “तुम्हीही गप्प राहा. गर्दीचा हात कुणी सिद्ध करू शकत नाही. फक्त त्या म्हातारीला सांभाळा.”

म्हातारी म्हणजे अक्का. त्या साक्ष देणार होत्या. गावाने त्यांच्या दुकानाकडे पाठ फिरवली. दलिचंद शेठ दिवसभर रिकाम्या दुकानात बसून रस्त्याकडे पाहायचा. आपण इथे इतक्या पिढ्या काढल्या तरी शेवटी बाहेरचेच, साक्ष दिली तर उद्या आपल्यावर दगड येतील, असं तो आईला परोपरीने सांगायचा. अक्का ऐकून घ्यायच्या आणि तांदूळ निवडत बसायच्या.

साक्षीच्या दिवशी सकाळी अक्का चौकात उभ्या होत्या. दलिचंद तापाचं निमित्त करून आत झोपला होता. गावातल्या दोन रिक्षा त्यांच्यासमोरून रिकाम्या निघून गेल्या. मेघा मला घेऊन कोर्टाकडेच निघाली होती, प्रेमराज तिच्या शेजारी पुढे बसला होता. मेघाने ब्रेक दाबला.

“बसा, अक्का.”

“अगं, मी तुना नवरानाविरुद्ध बोलाले जास.”

“माले माहीत शे. बसा.”

प्रेमराज घाईने खाली उतरला. साक्षीदाराच्या वाऱ्यालाही उभं राहू नका, जामीन रद्द होईल, असं त्याला बजावलेलं होतं. तो फाट्याकडे चालायला लागला. पारावर भूषण आणि आणखी माणसं उभी होती, पाहत होती. माझं इंजिन भीतीने अडखळलं.

“प्रेमराज, बस रे,” अक्का म्हणाल्या. “एसटी चुकनी ते कोर्टमा कवय जाशी?”

तो परत येऊन बसला, अक्कांकडे पाठ करून. फाटा मागे पडला. मग अक्का आपल्याशीच बोलावं तशा बोलल्या. “त्या दिवशी माले इतलं भ्याव वाटनं का शटरनी कुलूपपट्टी हातमा सापडे नही. तुलेबी भ्याव वाटनं, माले माहीत शे. मी म्हतारी, माले कोन मारी? तू तरणा, बाहेरना. तुले मारतात. म्हनीसन मी तुले राक्षस नही म्हनाव. पन खरं ते सांगसू.”

प्रेमराजचे खांदे हलत होते. मेघा समोर रस्त्याकडे पाहत मला चालवत राहिली.

कोर्टाच्या आवारात त्याने अक्कांना हात देऊन उतरवलं. मी बाहेरच थांबले. आत काय झालं ते मला त्या दिवशी आणि पुढच्या तारखांना परतीच्या वाटेवर मेघाच्या बोलण्यातून कळलं. अक्कांनी सगळं सांगितलं. गावातून बोलावलेल्या बाकीच्यांनी त्यानंतरच्या तारखांना आपण काहीच पाहिलं नसल्याचं सांगितलं. शेवटी न्यायाधीशांनी आरोपींना विचारलं, तेव्हा वकील डोळ्यांनी खुणावत असताना प्रेमराज उठला. “साहेब, पहिला हात माझा होता,” तो म्हणाला. “हा माणूस कोण आहे ते त्या चौकात फक्त मला माहीत होतं. मी सांगितलं असतं तर कदाचित दुसरा हात उठला नसता.” पुना समोरच्या बाकावर बसला होता. त्याने चांगला कान पुढे केला होता. त्याने माफ केलं का, हे मेघाला कळलं नाही. तो फक्त उठताना म्हणाला, “आज बोलनास. त्या दिवशी बोलतास ते बरं व्हतं, भाऊ.”

प्रेमराजला शिक्षा झाली. कबुली दिली म्हणून थोडी कमी झाली, पण झाली. तो तुरुंगात आहे आणि मेघा मला घेऊन त्याला भेटायला जाते. भूषण पुराव्याअभावी सुटला; अक्कांनी त्याच्या हातात काठी पाहिली होती, ती कुणावर पडताना पाहिली नव्हती. तो आता पारावर बसत नाही. मोबाइल वाजला की दचकतो. मध्यंतरी त्याने मेघाला विचारलं, “ताई, दाजी माझ्याबद्दल काही बोलतस का?” नाही म्हटल्यावर तो जास्तच घाबरला.

दुकानावर आधी बाया परत आल्या, मग बापे आले. आता सकाळी माझ्यात शाळेची थोडी लेकरंही बसतात. पण गावाची भीती गेली आहे असं मला वाटत नाही. मागच्या सीटवर अजून कुणाचातरी मोबाइल तो रडणारा आवाज काढतो आणि माझी नवी काच झणझणते.

मित्रांनो, मी यंत्र आहे, मला कायदा कळत नाही. प्रेमराजने बाहेरचा म्हणून जशी वर्षं काढली तशी कुणालाही काढावी लागली तर त्याचा हात तसाच उठेल का, हेही मला ठरवता येत नाही. अक्काही भ्यायल्या होत्याच. मला एवढंच दिसलं, की वर्षानुवर्षं त्याला कुणी गावात जागा दिली नाही, आणि जागेसाठी त्याने एका म्हाताऱ्याचा कान घेतला. तुमच्याही वर्गात, गल्लीत असा कुणीतरी असेल, जो नवा आहे, वेगळं बोलतो, कडेला उभा राहून उगाच हसतो. आणि मोबाइलवर कुणाबद्दल वाईट आलं, तर पुढे पाठवण्याआधी त्या माणसालाच जाऊन विचारा.

मला तर आयुष्यात एकच विद्या येते. माझी सीट भरलेली असते, तरी रस्त्यात कुणी हात केला की मागून आवाज येतो आणि एक माणूस मावतो. तुम्हीही तेवढं करा. थोडं सरकून बसा.